अक्काला सांगू नका

माझ्या आईला लकवा मारून दीड वर्ष झालं होतं, आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही. तिच्या चालण्यावरून कळली.

बोस्टनचं बिऱ्हाड मोडून आम्ही नवराबायको बावीस वर्षांनी कायमचे हैदराबादला आलो, त्या सकाळची ही गोष्ट. नवरा सामान घेऊन भाड्याच्या फ्लॅटकडे गेला आणि मी विमानतळावरून सरळ गौलीगुड्याला, आईकडे. दारात भावजयीने माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आजवर हे काम आईचं. ती कुठे आहे म्हणून मी आत डोकावले, तर ती खुर्चीवरून उठत होती. उठली आणि चार पावलं माझ्याकडे चालत आली. डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, बाहेरून अर्धा फेरा घेऊन पुढे पडत होता. डावा कोपर पोटाशी दुमडलेला आणि हाताचा पंजा पदराखाली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बोस्टनमधल्या एका पुनर्वसन केंद्रात लकवा झालेल्या म्हाताऱ्या माणसांना उभं करणं, चालवणं, हातात चमचा धरायला शिकवणं हेच माझं काम होतं. ही चाल मी झोपेतसुद्धा ओळखीन. पण ती आईच्या नेसत्या पातळाखाली दिसेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. 

"कधी झालं?" मी विचारलं.

"काय कधी झालं?" धाकटा भाऊ म्हणाला. तो माझी बॅग घेऊन मागे उभा होता.

"लकवा कधी झाला?"

भावाने बायकोकडे बघितलं, तिने आईकडे आणि आईने माझ्या बॅगेकडे. मग आई म्हणाली, "आधी चहा घे."

तो चहा मला पाहुण्यांच्या कपात मिळाला. बशीसकट, काठावर सोनेरी रेघ असलेल्या. घरातले सगळे स्टीलच्या पेल्यातून पीत होते. त्या वेळी माझं कपाकडे लक्ष नव्हतं, ते नंतर गेलं.

आता मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी, म्हणजे मी किती तोंडघशी पडले ते कळेल.

बोस्टनच्या त्या केंद्रात माझ्याबरोबर एक नर्स होती, हैतीची. तिच्या देशातल्या खूप बायका तिथे हेच काम करतात. ही अठरा वर्षं तिथे राहिलेली. दर दोनतीन महिन्यांनी ती तळघरात एक मोठं निळं पिंप भरायला घ्यायची. तांदूळ, साबण, कपडे, बूट, वह्या. पिंप काठोकाठ भरलं की ते जहाजाने तिच्या गावी जायचं, हैतीच्या उत्तरेला समुद्रकाठी. मी दोनदा तिला पिंप दाबून भरायला मदत केली आहे. एकदा त्यात तिने वडिलांसाठी काळे बूट घातले होते.

ते वडील वारले. तिला अकरा दिवसांनी कळलं. तिची कायम राहण्याची कागदपत्रं तेव्हा अडकली होती, कळलं तर ही धावत येईल आणि मग परत जाता येणार नाही, म्हणून घरच्यांनी लपवलं. मधल्या दिवसांत तिने फोनवर विचारलं होतं, बूट बसले का? ते म्हणाले, बसले. खोटं नव्हतं. तेच बूट घालून त्यांना पुरलं होतं.

हे तिने मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. मी तिचा हात हातात घेतला, डोळे पुसले, आणि वर शहाणपणा केला. म्हणाले, "आमच्याकडे असं नाही करत. माझा रोज व्हिडिओ कॉल असतो. आमटीत मीठ जास्त झालं तरी मला इकडे कळतं." तिने डबा बंद केला. कागदपत्रं हातात आल्यावर तिने अमेरिकेत राहण्याऐवजी सामान आवरलं आणि ती गावी परत गेली. तिथे आता ती मुलींना नर्सिंग शिकवते. तिच्या जाण्याने माझ्याही डोक्यात किडा वळवळू लागला, तो पुढे दोन वर्षं वळवळत राहिला. आमचा मुलगा कॉलेजला गेला, नवऱ्याच्या कंपनीने हैदराबादच्या ऑफिसात बदली मान्य केली, आणि आम्ही निघालो.

तर आमटीतल्या मिठाची खबर ठेवणारी मी. त्या दुपारी गादीवर पडून दीड वर्षाचे सगळे कॉल मी आठवून बघितले. आई कायम एकाच खुर्चीत, भिंतीला टेकून. फोन भावाच्या हातात. पडद्यावर फक्त तोंड, तेही जरा उजवीकडून. माझ्या वाढदिवसाला आईने फोनलाच ओवाळलं होतं, तेव्हा ताट भावजयीच्या हातात होतं आणि आईने नुसती बोटं लावली होती. मला तेव्हा वाटलं होतं, किती गोड, दोघी मिळून ओवाळतायत. शेकडो पेशंट तपासलेली बाई मी, आणि मला दिसलं नाही.

संध्याकाळी मी भावाला धारेवर धरलं. पहिले सहा महिने सोन्यासारखे असतात, तेव्हा व्यायाम झाला असता तर हात सुटला असता, हे तुला कुणी सांगितलं नाही का? माझी बहीण हेच काम करते हे तुझ्या डोक्यात आलं नाही का? भाजीवालीला माहीत, औषधांच्या दुकानदाराला माहीत, बेगम बाजारात तुझ्या दुकानातल्या हमालांना माहीत, आणि मला नाही? माझा आवाज गल्लीपर्यंत गेला असणार. भाऊ बराच वेळ खाली मान घालून ऐकत होता. तो मसाल्यांचा व्यापारी, दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकायची त्याला सवय. मग तो शांतपणे बोलला.

"अक्का, मला डेंगू झाला होता, आठवतंय?"

"आठवतंय."

"त्या वेळी तुला सांगितलं. तू काय केलंस? दिवसातून चारदा डॉक्टरला फोन. दवाखाना बदला म्हणून बोंब. हिला तर असं बोललीस की ही मोरीत जाऊन रडली. मी तापात, आणि घरचे सगळे तुलाच सांभाळू लागले. तुला सांगणं म्हणजे घरात दुसरा पेशंट."

मी भावजयीकडे बघितलं. ती भांडी लावत होती. तिने मान वर केली नाही आणि नाहीसुद्धा म्हटलं नाही.

त्या क्षणी मला जे झालं त्याला राग म्हणता येणार नाही. मी जगभरच्या लोकांचे हात सरळ करत होते, आणि माझ्याच घरात माझ्या भीतीने तोंडं बंद झाली होती. ते काही उलट्या काळजाचे लोक नव्हेत. त्यांनी आईचं सगळं केलं होतं. एका माणसाला रोज बोलावून तेल चोळून घेतलं होतं, आळीपाळीने रात्री जागवल्या होत्या. फक्त मला वगळलं होतं. मला फार लागलं ते, आणि अजून लागतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. नामपल्लीजवळच्या एका छोट्या दवाखान्यात मला सकाळचं काम मिळालं, दुपारनंतर आईकडे. फ्रिजवर मी व्यायामाचं वेळापत्रक चिकटवलं. रबरी चेंडू आणला, चिकट माती आणली, भोकांत खुंट्या खोचायची पाटी आणली. आईने त्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "ही लेकरांची खेळणी मला नक्को." मी समजावलं, रागावले, बोस्टनच्या नव्वदीच्या म्हातारीची उदाहरणं दिली. आईने चेंडू कोपऱ्यात ठेवून दिला.

शेवटी मला तांदूळ सुचले. दोन पराती समोर ठेवल्या, एकीत किलोभर तांदूळ. दोन्ही हातांची ओंजळ करायची आणि या परातीतले त्या परातीत टाकायचे. आई लगेच तयार झाली. मला आश्चर्य वाटलं, पण आनंदाच्या भरात मी कारण विचारलं नाही. पहिले आठ दिवस डाव्या हाताची बोटं मुठीतून सुटत नव्हती. मी ती एकेक करून उघडायची, उजव्याला जुळवायची. तांदूळ सगळे जमिनीवर. भावजय केरसुणी घेऊन तयार असायची. पण आई थांबायची नाही. मी गेल्यावरसुद्धा ती सकाळी एकटी पराती काढून बसते, असं भावजयीने मला सांगितलं. मी अभिमानाने फुगले. म्हटलं, चला, मी आले ते वाया गेलं नाही.

मधल्या दिवसांत एक गोष्ट मला टोचत होती. मी घरात शिरले की स्वयंपाकघरातलं बोलणं थांबायचं. चहा त्याच सोनेरी रेघेच्या कपात. गल्लीत जो भेटेल तो विचारायचा, "कब जारै वापस?" मी सांगायची, नाही जाणार, कायमची आले. ते हसून मान हलवायचे. एकाने तर आवाज खाली आणून विचारलं, नोकरी गेली काय? मी त्याला चांगलंच सुनावलं, आणि मग ती गोष्ट गल्लीभर झाली.

अडीच महिन्यांनी, एका शुक्रवारी, आईने मला देवघरासमोर पाटावर बसायला सांगितलं. समोर ताट तयार होतं. हळदकुंकू, खण, नारळ, सुपारी, आणि वाडगाभर तांदूळ. मी पदर पुढे धरला. आईने उजव्या हाताने कुंकू लावलं, मग दोन्ही हात वाडग्यात घातले. डावी बोटं थरथरत होती, पण उघडली. ओंजळ झाली. वाकडी होती, मधून तांदूळ गळत होते, तरी ओंजळच. ती तिने माझ्या पदरात रिती केली. मग दुसरी. पाच वेळा तिने माझी ओटी भरली. निम्मे तांदूळ पाटावर सांडले होते आणि मी हुंदके देत होते. वीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याच पेशंटच्या हाताने मला इतकं सुख दिलं नव्हतं.

"झालं बाई," आई म्हणाली. तिच्या कपाळाला घाम आला होता. "लेकीची ओटी परक्या हाताने भरून तिला पाठवायची का, ह्याचाच घोर होता मला. आता निवांत जा. तिकीट कधीचं आहे?"

मला वाटलं, तिला काहीतरी भ्रम झालाय. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. भ्रम नव्हता. मी भावाकडे वळले, तर तोही उत्तराची वाट बघत होता.

"आई, मी कायमची आलेय. सांगितलं होतं ना."

"हौ, बोलली होतीस तू," ती म्हणाली. "पण लेकरू तिकडं, पगार तिकडं. तू इथं किती दिवस राहशील की. दोनचार महिने, उगं कशाला खोटं बोलायचं."

माहेराला आलेली लेक निघाली की तिची ओटी भरतात. गेल्या बावीस वर्षांत माझ्या प्रत्येक फेरीचा शेवट याच पाटावर झाला होता. अडीच महिने ती बाई जिवाच्या आकांताने जी ओंजळ जुळवत होती ती बरी होण्यासाठी नव्हती, मला नीट वाटेला लावण्यासाठी होती. आणि शिकवणारी मीच. मी पदरातले तांदूळ घट्ट धरून तशीच बसून राहिले. फ्लॅटवर गेल्यावर नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मला निरोप दिला त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी हैतीच्या मैत्रिणीला लांबलचक निरोप रेकॉर्ड करून पाठवला. तिचं उत्तर आलं ते हसण्यानेच सुरू झालं. तिला म्हणे बाजारातल्या बायका नावाने हाक मारतच नाहीत, डायस्पोरा म्हणतात, म्हणजे परदेशी राहून आलेली. ए डायस्पोरा, आंबे घे. जिथे ती जन्मली ते घर तिथून चार गल्ल्यांवर आहे. पहिलं वर्षभर ती सगळ्यांना सुधारत सुटली होती. हात असे धुवा, रांग अशी लावा. लोक हो म्हणायचे आणि ती वळली की आपलं तेच. "मग मी गप्प बसायला लागले," ती म्हणाली. "मला वाटलं, याने काय होणार? परवा शेजारीण नळाच्या पाण्यावरून माझ्याशी भांडली. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी घरात येऊन नाचले. पाहुण्याशी कोण भांडतं?"

मी फ्रिजवरचं वेळापत्रक काढून टाकलं. गप्प बसणं मला जमणारं काम नाही, हे मला ओळखणारं कुणीही सांगेल. पण मी संध्याकाळी जायची, भावजयीबरोबर मेथी निवडत बसायची, आणि प्रश्न जिभेवर आला की एक काडी जास्त निवडायची. आईने तांदळाच्या पराती बंद केल्या नाहीत. का, ते मी विचारलं नाही. ओटीचे तांदूळ मी फ्लॅटवर डब्यात घातले आणि रोज थोडे शिजवले. संपल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्यात?" आणि परात पुढे ओढली.

नामपल्लीच्या मैदानात नुमाइश, ते दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, भरली होती, त्या दिवसांतली ही पुढची गोष्ट. सकाळचे अकरा असतील. दवाखान्यात माझ्यासमोर एक गुडघ्याचा पेशंट होता. फोन वाजला, भावजयीचा. ती मला आपणहून फोन कधीच करत नाही.

"अक्का, आई न्हाणीत पडल्या. मला उठवता येईना. तुम्ही या."

माझ्या तोंडात नऊ प्रश्न आले. शुद्धीवर आहे का, डोकं आपटलं का, हलवलंस का, कुणी सोडलं तिला एकटीला? मी म्हटलं, "आले." मग राहवलं नाही, एकच विचारलं, त्याला कळवलंस का?

"ह्यांना अजून नाही," ती म्हणाली. "ते उगं परेशान होतील. आधी तुम्हाला लावला."

गुडघ्याच्या पेशंटने मला विचारलं, मॅडम, वाईट बातमी आहे का? मी हो म्हटलं. आई पडली होती, आणि माझ्या छातीत काहीतरी इतकं हलकं झालं होतं की मला माझीच शरम वाटली. लिहितानाही वाटते. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरातली वाईट बातमी मला घडल्या घडल्या कळली होती, आणि घरच्या कर्त्या माणसाच्या आधी.

गौलीगुड्याला पोचले तेव्हा आई न्हाणीच्या ओल्या फरशीवर, भिंतीला टेकून बसली होती. भावजयीने तिच्या अंगावर चादर टाकली होती. मला बघितल्यावर आई पहिलं वाक्य बोलली, "ओरडू नकोस." मी ओरडले नाही. तिच्याशेजारी फरशीवर बसले. खुबा तपासला, पाय तपासले, डोकं तपासलं. ते सगळं धड होतं. उजवं मनगट सुजलं होतं, बहुतेक मोडलं होतं. आम्ही दोघींनी मिळून तिला उठवलं. निघण्याआधी भावजयीने घाईघाईत चहा केला आणि माझ्या हातात पेला दिला, स्टीलचा. चटका बसला. मी तो तसाच प्याले.

रिक्षात आई माझ्या खांद्याला टेकली होती. एक्सरेसाठी नामपल्लीच्या पुढे जायचं होतं आणि नुमाइशच्या गर्दीने रस्ता तुंबला होता. रिक्षा जागची हलत नव्हती.

"वरच्या मजल्यावरची काकू गेली," आई एकदम म्हणाली.

"कधी?"

"दिवाळीला वर्ष झालं. तू विचारायचीस, आम्ही बरी आहे, लेकाकडे गेलीय सांगायचो."

मी हं म्हटलं. रिक्षा दोन हात पुढे गेली.

"तुझ्या भावाला शुगर निघाली. रोज सुई घेतो. तू आलीस की डबी लपवतो."

"हं."

"आणि लकवा झाला त्या दिवशी तोंडातून शब्द फुटत नव्हता माझ्या. तुझंच नाव घेत होते मी. ह्या दोघांना कळत होतं. फोन लावू का म्हणाला तुझा भाऊ." तिने माझ्या खांद्यावर डोकं सरकवून घेतलं. "बोलता यायला लागल्यावर पहिलं मी तेच म्हटलं. अक्काला सांगू नका."

 तिने डावा हात, तो नादुरुस्त हात, उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. बोटं उघडी होती.

"अजून काही आहे?" मी विचारलं.

"आहे की," आई म्हणाली. "पुष्कळ आहे. नीट बस."

मी नीट बसले, आणि ती एकेक करून सांगू लागली.